खाडीकाठचा बोअर, समुद्रबूड जमिनीवरचा बोअर आणि जुनी समुद्रपातळी

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोपरखैरण्यात राहणाऱ्या, भूशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या विद्यार्थ्याला वाशी खाडीकाठच्या एका बांधकामाचे बोअरलॉग, म्हणजे भोक पाडताना कोणत्या खोलीवर काय लागलं याच्या नोंदी, मिळाले आहेत. त्यात साधारण साडेआठ मीटरवर ‘काळी सेंद्रिय चिकणमाती, लाकडाचे तुकडे’ अशी नोंद आहे. त्यावरून पूर्वी समुद्र किती खाली होता हे सांगता येईल का? आणि परदेशात शेल्फवर, म्हणजे समुद्रबूड जमिनीवर, जे वैज्ञानिक ड्रिलिंग होतं त्यात यापेक्षा वेगळं काय करतात?

लाकूड मिळालं हे चांगलं आहे, पण या कागदावरून समुद्रपातळी निघणार नाही. कागदावर खोली आहे. ती थर आज कुठे आहे एवढंच सांगते. थर बसला तेव्हा ती जागा भरती-ओहोटीच्या कोणत्या टप्प्यात होती, हे थरातल्या जीवांवरून ठरवावं लागतं. त्याच नमुन्याचं वयही हवं. यातलं एक जरी दुसऱ्या बोअरमधून किंवा अंदाजाने आणलं, तरी आकडा उभा राहत नाही. खाडीतला पाच सेंटिमीटर जाडीचा हाती काढलेला कोअर, म्हणजे मातीचा दंडगोल, असो की समुद्रतळाखाली सातशे मीटर गेलेला बोअर, नियम हाच.

आधी तुमच्या हातातल्या लॉगबद्दल. बांधकामाच्या तपासणीत बहुतेक वेळा वॉश बोअरिंग करतात. केसिंग, म्हणजे भोकाची भिंत धरणारी नळी, उतरवायचं, पाणी किंवा बेंटोनाइट मातीचं दाट पाणी मारून माती वर आणायची आणि दर दीड मीटरला एसपीटी, म्हणजे नळी ठोकून मातीचा घट्टपणा पाहण्याची चाचणी, घ्यायची. एसपीटीचा चमचा, म्हणजे नमुना घेणारी पोकळ नळी, एका वेळी ४५० मिमी आत जातो. म्हणजे ९ मीटरच्या बोअरमध्ये सहा वेळा मिळून २.७ मीटर माती डोळ्यांखालून जाते. मध्ये एखादी यूडीएस (माती न विस्कटता नमुना घेणारी) नळी घेतली असेल, तर अजून अर्धा मीटर. बाकीची माती ड्रिलरने परत येणाऱ्या पाण्याच्या रंगावरून आणि रॉडच्या हिसक्यावरून ओळखलेली असते. अनुभवी ड्रिलर यात फारसा चुकत नाही, पण लाकडाचा तुकडा वरच्या थरातून भोकात पडून खालच्या चमच्यात येऊ शकतो. त्या तुकड्याचं वय काढलं, तर ते कोणत्या थराचं हे कुणी छातीठोक सांगू शकणार नाही.

दुसरी अडचण पातळीची. लॉगवर ‘आर.एल.’, म्हणजे ठरावीक शून्यपातळीपासूनची (डेटमपासूनची) उंची, लिहिलेलं असतं, पण ते कशापासून मोजलंय ते पाहा. बंदराची कामं चार्ट डेटमवरून, म्हणजे सागरी नकाशांच्या, खालच्या ओहोटीजवळच्या शून्यपातळीवरून मोजतात, जमिनीवरची कामं सरासरी समुद्रपातळीवरून, आणि लहान कामं चक्क गटाराच्या कठड्यावर रंगवलेल्या तात्पुरत्या खुणेवरून. अपोलो बंदरला सरासरी समुद्रपातळी चार्ट डेटमच्या सुमारे २.५ मीटर वर आहे. डेटम चुकला की तुमच्या उत्तरात तेवढीच चूक येते, आणि ठाणे खाडीच्या गेल्या सहा-सात हजार वर्षांच्या इतिहासात अडीच मीटर म्हणजे जवळजवळ सगळंच. जीपीएसवर उंची घेतली असेल, तर ती लंबगोलाभापासूनची (पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची) आहे की समुद्रपातळीपासूनची हेही विचारा. मुंबई परिसरात या दोन उंचींमध्ये साठ मीटरांहून जास्त फरक असल्यामुळे ही चूक लगेच उघडी पडते. डेटमची चूक मात्र तशी दिसत नाही.

तिसरी अडचण खास नवी मुंबईची. इथले बरेचसे प्लॉट खाजण आणि मिठागरांवर मुरूम टाकून उचललेले आहेत. त्या भराव्याच्या वजनाने खालची मऊ सागरी चिकणमाती पिळली जाते. बँड ड्रेन, म्हणजे पाणी बाहेर काढणाऱ्या उभ्या पट्ट्या, घालून आणि वर जादा भरावा ठेवून ती मुद्दाम पिळून काढण्याचंही काम होतं. अशा ठिकाणी जमीन मीटरभर बसणं काही नवल नाही. तुमचा काळा थर आज जिथे आहे, तिथे तो भरावा पडण्याआधी नव्हता.

तरीही हे लॉग फेकू नका. खडक कुठे वर येतो हे त्यांच्याइतकं स्वस्तात दुसरं कुणी सांगणार नाही. या भागात खाली बेसॉल्ट आहे, त्यावर झिजलेला मुरूम आणि त्यावर खाडीची चिकणमाती. चिकणमातीची जाडी काही मीटरांपासून पंधरा-वीस मीटरांपर्यंत बदलते. तुम्हाला हवी ती जागा अशी, जिथे काळा सेंद्रिय थर थेट मुरमावर किंवा खडकावर बसलाय. त्याखाली दबण्यासारखं काही नसतं, त्यामुळे तो बसला त्याच उंचीवर राहिलेला असतो. चिकणमातीच्या मधोमध सापडलेला तसाच थर खालच्या मातीबरोबर खचलेला असतो, आणि खचल्यामुळे समुद्रपातळी खऱ्याहून खोल दिसते. दहा-बारा लॉग घेऊन खडकाच्या माथ्याचा नकाशा काढा आणि काठाकडे चढत जाणारा उतार शोधा. त्या उतारावर वेगवेगळ्या खोलीवर चार-पाच तळचे थर मिळाले, तर ती एक चांगली मालिका होते.

कोअर स्वतः घ्यायचा असेल, तर मऊ चिखलात रशियन कोअररला तोड नाही. अर्धगोल नळी, एका वेळी ५० सेमी लांब आणि ५ सेमी व्यासाचा तुकडा. हव्या त्या खोलीपर्यंत बंद स्थितीत ढकलायचा, मग अर्धा फेरा फिरवायचा. तो बाजूने कापतो, वरून दाबत नाही, त्यामुळे कोअर आखडत नाही. एका भोकात सलग तुकडे घेऊ नका. टोकाचा नाकाडा पुढच्या तुकड्याचा वरचा भाग घुसळतो. अर्ध्या-एक मीटरवर दुसरं भोक घ्या, दोन्हींतून आळीपाळीने तुकडे काढा आणि तुकडे एकमेकांवर दहा सेंटिमीटर तरी चढतील असं पाहा. दर दोन मीटरला रॉड ओळंब्यात आहेत का ते तपासा. शंख-शिंपल्यांचा थर किंवा घट्ट वाळू लागली की हा कोअरर थांबतो. तिथे जोर लावून रॉड वाकवण्यापेक्षा जागा बदला.

उधाणाच्या दिवशी कांदळवनाचा वरचा भागही पाण्याखाली जातो, म्हणून तिथलं काम भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या, दिवसांत ठेवावं. मात्र होडीने आत जायचं असेल, तर भांगाला लहान नाळींत पुरेसं पाणी येत नाही. होडीच्या तांडेलाला विचारूनच वेळ ठरवा. कांदळवनात एकही भोक पाडण्याआधी कांदळवन कक्षाची लेखी परवानगी लागते. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याच्या हद्दीत तर वन्यजीव विभागाचीही. २०२२ पासून हा भाग रामसर स्थळ आहे. ‘फक्त पाच सेंटिमीटरचं भोक’ ही सबब चालत नाही आणि चालूही नये.

आता आकडा कसा निघतो ते पाहू. पुढचे आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत, ते कुठल्या खऱ्या बोअरचे नाहीत. समजा, कांदळवनात जमीन सरासरी समुद्रपातळीच्या १.९० मीटर वर आहे आणि ८.४० मीटर खोलीवर कांदळवनाचा सेंद्रिय थर मुरमावर बसलाय. थराची उंची झाली उणे ६.५० मीटर. कांदळवन साधारण सरासरी समुद्रपातळीपासून उधाणाच्या भरतीच्या सरासरी पातळीपर्यंत वाढतं. अपोलो बंदरला उधाणाची भरती चार्ट डेटमवर सुमारे ४.४ मीटर आणि सरासरी पातळी सुमारे २.५ मीटर, म्हणजे हा पट्टा सुमारे १.९ मीटरचा. त्याचा मध्य ०.९५, आणि दोन्ही बाजूंना ०.९५. त्यामुळे तेव्हाची समुद्रपातळी उणे ६.५० मधून ०.९५ वजा करून उणे ७.४५ मीटर.

चुकांची बेरीज वर्गांची करायची. पट्ट्याची ०.९५, लेव्हलिंगची, म्हणजे उंची मोजण्याची, ०.०५, भोक तिरकं गेल्याची खोलीच्या एक टक्का म्हणजे ०.०८, कोअर ताणला-आखडला त्याची ०.१०. वर्गांची बेरीज करून मूळ काढलं की ०.९६ येतं. म्हणजे बाकीच्या चुका जवळपास मोजल्याच गेल्या नाहीत, सगळं ओझं पट्ट्याचं. म्हणून महागडी लेव्हलिंग करण्यात महिना घालवण्यापेक्षा फोरामिनिफेरा, म्हणजे कवच असलेले सूक्ष्म एकपेशीय जीव, मोजण्यात घालवा. त्यांच्यामुळे पट्ट्याची चूक ०.४५ पर्यंत खाली आली, तर एकूण चूक ०.४७ होते, म्हणजे निम्मी. मात्र इथे वापरलेले भरतीचे आकडे अपोलो बंदरचे आहेत. भरती खाडीत आत शिरताना वाढते, त्यामुळे तुमच्या जागेवर निदान एक पूर्ण उधाण-भांग चक्र स्वतःची पट्टी रोवून मोजा.

फोरामिनिफेरा वापरायचे, तर आज ते कोणत्या उंचीवर कोणते राहतात याचा संच आधी लागतो: ओहोटीच्या चिखलापासून कांदळवनाच्या वरच्या टोकापर्यंत रेघ आखून घेतलेले तीस-चाळीस पृष्ठनमुने, प्रत्येकाची उंची मोजलेली. ठाणे आणि नवी मुंबईच्या काठाला नेमकी हीच अडचण आहे. वरचा पट्टा रस्ते, बांध आणि भराव्याने कापला गेलाय, आणि सांडपाण्यामुळे चिखलात ‘अमोनिया’ नावाच्या गटातले (हा वायू नव्हे), प्रदूषण सोसणारे फोरामिनिफेरा जास्त झालेत. असा संच खाडीच्या कमी बिघडलेल्या काठावरून, धरमतर किंवा वैतरणेच्या बाजूने घेतलेला बरा. नमुने आणल्यावर लगेच ओले जतन करा. कांदळवनाच्या चिखलातलं पायराइट हे लोह-गंधकाचं खनिज हवा लागली की आम्ल तयार करतं आणि चुन्याची कवचं महिनाभरात विरघळतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली वाळूकण चिकटवून कवच करणाऱ्या जातीच उरतात आणि थर होता त्यापेक्षा उंचावरचा वाटतो.

वयासाठी अख्ख्या काळ्या मातीचा गोळा पाठवू नका. त्यात नदीने आणलेला जुना कार्बन असतो आणि तिवराची नवी मुळंही. तिवर-चिपीची मुळं मीटरभर खाली जातात. कोअरमध्ये उभी जाणारी काडी दिसली की ती मूळ समजा आणि सोडा. आडवं पडलेलं पान, बी, सालीचा तुकडा घ्या. स्वच्छ पाण्यात चिमट्याने वेचा, कापूस आणि टिश्यू पेपर जवळ येऊ देऊ नका, फॉइलमध्ये बांधा. एएमएसला, म्हणजे लहान नमुन्यातला कार्बन-१४ मोजणाऱ्या यंत्राला, दहा-वीस मिलिग्रॅम कोरडं लाकूड भरपूर झालं. दिल्लीचं इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटर आणि अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा इथे एएमएस आहेत. शिंपला द्यायचा, तर दोन्ही झडपा जोडलेल्या, जगत होता त्याच स्थितीत पुरलेला खुबा शोधा. समुद्राच्या पाण्यात जुना कार्बन असल्यामुळे शिंपल्याचं वय शेकडो वर्षं जास्त निघतं. ते सागरी कॅलिब्रेशन वक्राने (कार्बनवयावरून खरी वर्षं देणाऱ्या आलेखाने) आणि पश्चिम किनाऱ्याच्या स्थानिक दुरुस्तीने सुधारावं लागतं. लाकडाला तो वक्र लावायचा नाही, हे वेगळं सांगायची गरज नाही असं वाटतं, पण लोक लावतात.

मुंबईत यातलं एक जुनं उदाहरण आहे. १८७० च्या दशकाच्या शेवटी प्रिन्सेस डॉक खोदताना आणि पुढे अलेक्झांड्रा डॉकच्या कामातही खाडीच्या चिखलाखाली खैराच्या झाडांचे बुंधे मिळाले, काही मुळांसकट उभे. हा बुडालेल्या जंगलाचा पुरावा अनेकजण थेट समुद्रपातळी म्हणून वापरतात. खैराला खारं पाणी चालत नाही. त्यामुळे तो बुंधा एवढंच सांगतो की झाड जिवंत असताना समुद्र त्याच्या मुळांच्या खाली होता. किती खाली, ते सांगत नाही. शिवाय झाडं पाण्याखाली गेली ती समुद्र चढला म्हणून की जमीन खचली म्हणून, हे त्याच खड्ड्यातून ठरत नाही. पनवेलच्या बाजूला बेसॉल्टचे थर वाकलेली रेषा आहे, ती भूगर्भात सगळं शांत नसल्याची खूण. असे एका बाजूने मर्यादा घालणारे नमुने आलेखावर वेगळ्या चिन्हाने दाखवावेत. सरसकट समुद्रपातळीच्या वक्रात ओवू नयेत.

आता शेल्फचा प्रश्न. हिमयुगाच्या शिखरावर, सुमारे २१ हजार वर्षांपूर्वी, समुद्र आजच्यापेक्षा १२० ते १३० मीटर खाली होता. तेव्हा मुंबईसमोरची बरीचशी समुद्रबूड जमीन उघडी होती, कारण आपल्या पश्चिम किनाऱ्यावर शेल्फ सर्वांत रुंद आहे तो खंभात-मुंबईच्या पट्ट्यात, तीनशे किलोमीटरांच्या आसपास. कोचीकडे तो साठ किलोमीटरांवर येतो. म्हणजे खाडीतला बोअर कितीही सुबक घेतला, तरी त्याला फक्त गेल्या काही हजार वर्षांचा शेवट दिसतो. समुद्र चढत आला त्या वाटेचा पुरावा बाहेर, पाण्याखाली आहे. मुंबईसमोर ८५ ते ९५ मीटर खोलीवर ‘फिफ्टी फॅदम फ्लॅट’ नावाचं सपाट चुनखडीचं मैदान आहे. तिथे ॲरागोनाइटचे ऊइड, म्हणजे गोल चुनकण, मिळतात. असे कण काही मीटर खोलीच्या, गरम आणि घुसळत्या पाण्यात बनतात. आज नव्वद मीटरवर सापडतात, म्हणजे समुद्र त्याच्या आसपास रेंगाळला होता. पण एका ऊइडचं वय काढलं, तर गाभा आणि बाहेरचे पापुद्रे मिळून सरासरी येते. वर नंतरचं सिमेंट बसलेलं असेल, तर आकडा आणखी तरुण होतो. म्हणून बाहेरचा पापुद्रा आम्लाने काढून गाभा आणि कडा वेगवेगळ्या मोजाव्यात.

शेल्फवर कोअर घेण्यातली खरी डोकेदुखी खोली नाही, सैल वाळू आहे. खोल समुद्रातल्या मऊ चिखलात पिस्टन कोअरर साडेनऊ मीटरची नळी एका फटक्यात मारतो आणि कोअर अखंड येतो. शेल्फवर चिखल, वाळू, शंखांची रास, पुन्हा वाळू असा क्रम असतो. बिटभोवती, म्हणजे कापणाऱ्या टोकाभोवती, फिरणारं पाणी वाळू धुऊन नेतं, वर आलेली वाळू नळीच्या तोंडाशी कोअर अडवणाऱ्या कॅचरच्या पाकळ्यांतून गळते, आणि रॉड वर घेताना भोक ढासळून त्यांना आवळतं. १९९७ मध्ये ‘जॉइडेस रिझोल्यूशन’ या वैज्ञानिक ड्रिलिंग जहाजाने अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या शेल्फवर नव्वद मीटर पाण्यात प्रयत्न केला होता. तिथे वाळूने भोकं टिकू दिली नाहीत आणि कोअरही फार कमी आला.

मोठ्या जहाजाला उथळ पाणी जमत नाही याचं कारण सरळ आहे. जहाज आपल्या जागेवरून साधारणपणे पाण्याच्या खोलीच्या तीन टक्क्यांपेक्षा जास्त सरकू नये. ३,००० मीटर पाण्यात ती मुभा ९० मीटर, चाळीस मीटर पाण्यात १.२ मीटर. शिवाय मीटरभर लाटेने बिट तळावरून उचलली जाते आणि पुन्हा आपटते. म्हणून २००९ मध्ये त्याच शेल्फवर, किनाऱ्यापासून ४५ ते ६७ किमीवर, सुमारे ३५ मीटर पाण्यात लिफ्टबोट नेली. पाय तळावर टेकवून डेक पाण्याबाहेर उचलायचा, म्हणजे लाटेचा प्रश्नच संपला. ही आयओडीपी या आंतरराष्ट्रीय समुद्र-ड्रिलिंग कार्यक्रमाची ३१३ क्रमांकाची मोहीम. तीन भोकं, सर्वांत खोल ७५५ मीटर, एकूण १,३११ मीटर कोअर, म्हणजे घेतलेल्या लांबीच्या सुमारे ८०%. वरच्या सर्वांत सैल वाळूत त्यांनी सलग कोअरचा हट्ट सोडला आणि ठरावीक जागीच नमुने घेतले. हा निर्णय योग्य होता. वरच्या शंभर-दोनशे मीटर वाळूत आठवडे घालवून खालचे मायोसीनचे, म्हणजे लाखो-कोटी वर्षं जुने, थर गमावण्यात काही शहाणपण नव्हतं.

लिफ्टबोटीचे पाय मऊ चिखलात किती रुतणार, हे आधी मोजलेलं असलं पाहिजे. वर पातळ घट्ट वाळू आणि खाली मऊ चिकणमाती असेल, तर पाय एकाएकी आत घुसतो. म्हणून उभं राहिल्यावर कामाच्या भारापेक्षा जास्त वजन टाकून, थांबून, पाय बसू देतात. मुंबईसमोर हे नीट तपासावं लागेल. काम मोसमी पाऊस सोडून, व्यवहारात नोव्हेंबर ते मार्च. डोल जाळी आणि ट्रॉलरच्या दोरखंडांत सर्वेक्षणाची केबल अडकू नये म्हणून कोळी सोसायट्यांशी आधी बोलणं हा कामाचाच भाग.

वाळूवर करायचे उपाय सगळे धीराचे आहेत. पंपाचा दाब कमी करायचा, तीन मीटरऐवजी एक-दीड मीटरच्या खेपा घ्यायच्या, केसिंग बिटच्या मागोमाग पुढे नेत राहायचं. ड्रिलिंगच्या पाण्यात ग्वार गम किंवा बेंटोनाइट घालून ते घट्ट करायचं. आणि बिटच्या पुढे नाक काढून असलेली नळी वापरायची, जेणेकरून पाणी पोचण्याआधी वाळू नळीत गेलेली असेल. घट्ट चिकणमाती आली की हिरा-बिटवर जायचं. हा साधनबदल दिवसात अनेकदा होतो. कंटाळा करून एकच साधन चालू ठेवलं की प्राप्ती, म्हणजे हाती आलेल्या कोअरचं प्रमाण, निम्म्यावर येते. सागरी गाळात मिथेन असेल, तर उलट त्रास होतो. वर आल्यावर दाब सुटतो आणि कोअर आंबलेल्या इडलीच्या पिठासारखा फुगून नळीच्या टोकांतून बाहेर येतो. नळीला बारीक भोकं पाडून वायू सोडावा लागतो. अशा वेळी प्राप्ती १०० टक्क्यांहून जास्त दिसते, आणि ते चांगलं लक्षण समजू नये.

वायूची भीती कोअर फुगण्यापुरती नाही. उथळ थरात कोंडलेला वायू भोकातून उसळला, तर वर उभ्या असलेल्या माणसांना धोका असतो. म्हणून भोकाच्या जागेवर एकमेकींना छेदणाऱ्या दोन उच्च विभेदनाच्या भूकंपीय रेघा (ध्वनिलहरी सोडून काढलेली थरांची चित्रं) असल्याशिवाय बिट खाली सोडत नाहीत. रेघांवर जिथे परावर्तन अचानक पुसट होऊन पडद्यासारखं दिसतं, तिथे वायू समजून जागा बदलायची. पश्चिम शेल्फच्या आतल्या चिखलात असे पट्टे आहेत. बॉम्बे हायपासून उरणपर्यंत आलेल्या तेल-वायूच्या वाहिन्यांमुळेही मुंबईसमोर भोकाची जागा ठरवणं निव्वळ भूशास्त्राचं काम राहत नाही.

कोअर डेकवर आल्यावर नळी दीड मीटरच्या तुकड्यांत कापतात. वरच्या टोकाला निळं झाकण, खालच्या टोकाला पारदर्शक, आणि नळीवर वर दाखवणारा बाण. कंटाळवाणं वाटतं, पण उलटा ठेवलेला तुकडा पुढे सूक्ष्मजीवांवरून ओळखायला आठवडे जातात. अख्ख्या नळीवर घनता, चुंबकीय ग्रहणशीलता आणि ध्वनीवेग मोजतात, मग लांबीत दोन भाग करतात: एक जपायचा, एक नमुन्यांचा. चार अंशांवर साठवतात. कोअर न आलेल्या भागासाठी भोकात गॅमा लॉग, म्हणजे थरांच्या नैसर्गिक किरणोत्साराची नोंद, घेतात, तोही रॉडच्या आतूनच, कारण रॉड काढले की भोक उरत नाही. गॅमा जास्त म्हणजे चिकणमाती, कमी म्हणजे वाळू, हा ढोबळ नियम न्यू जर्सीत फसतो. तिथल्या ग्लॉकोनाइट या हिरव्या खनिजाच्या वाळूत पोटॅशियम असल्यामुळे ती चिकणमातीसारखी दिसते. लॉग नेहमी शेजारच्या कोअरशी ताडून वाचावा.

इतक्या जुन्या थरांत कांदळवनाचा मीटरभराचा पट्टा मिळत नाही. तिथे जीवाश्मांवरून पाण्याची जुनी खोली काढतात, आणि मग थरांचं वजन उलटं उतरवतात. हिशेब असा: प्रावरणाची, म्हणजे भूकवचाखालच्या थराची, घनता ३.३, पाण्याची १.०३ आणि गाळाची २.० धरली, तर १०० मीटर गाळापैकी सुमारे ५७ मीटर जागा आधीच उपलब्ध होती आणि उरलेले ४३ मीटर गाळाच्याच वजनाने तळ खचून मिळाले. वर गाळ दबल्याची दुरुस्ती वेगळी. या दुरुस्त्या न करता थराच्या जाडीलाच समुद्राचा चढ म्हणणं ही विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत नेहमी दिसणारी गल्लत.

गेल्या हिमयुगाच्या शेवटासाठी सर्वांत नेमके आकडे प्रवाळांनी दिले. ताहितीत २००५ मध्ये आयओडीपीच्या ३१० व्या मोहिमेने बुडालेल्या प्रवाळभिंतींतून कोअर घेतले. युरेनियम-थोरियमने वय काढल्यावर सुमारे १४,६५० ते १४,३०० वर्षांपूर्वी समुद्र १४ ते १८ मीटर चढल्याचं दिसलं, तेही साडेतीनशे वर्षांच्या आत. आपल्या गढूळ किनाऱ्याजवळ अशा प्रवाळभिंती नाहीत, त्यामुळे आपल्याला चिखल आणि कांदळवनावरच भागवावं लागतं. आणि रुंद शेल्फवर पाणी चढलं की त्याच्या वजनाने शेल्फ थोडा दबतो, किनारा थोडा उचलला जातो. म्हणून मुंबईचा वक्र ताहितीच्या वक्रावर जसाच्या तसा बसला नाही, तर घाबरू नका. जसाच्या तसा बसला, तर मात्र आपला हिशेब पुन्हा तपासा.

वयाबद्दल एक इशारा शेल्फच्या कामात विशेष महत्त्वाचा. रेडिओकार्बनची मर्यादा पन्नास हजार वर्षांच्या आसपास आहे. लाखभर वर्षं जुन्या शिंपल्यात फक्त एक टक्का आजचा कार्बन शिरला, तर त्याचं वय सुमारे ३७ हजार वर्षं दिसतं. म्हणून समुद्राजवळच्या जुन्या थरांवर ३५ ते ४५ हजार वर्षांचे आकडे आले, तर ते दुसऱ्या पद्धतीने पडताळल्याशिवाय वापरू नयेत. दुसरी पद्धत म्हणजे बहुधा ओएसएल, म्हणजे वाळूकणांवर शेवटचा प्रकाश कधी पडला ते मोजणं. त्यासाठी नमुना अपारदर्शक नळीत, प्रकाश न लागता घ्यावा लागतो. ठाणे-नवी मुंबईत इथेही पेच आहे. ओएसएलला क्वार्ट्झ हवं आणि उल्हासचं पाणलोट क्षेत्र सगळं बेसॉल्टचं, त्यात क्वार्ट्झ नगण्य. फेल्डस्पारवर मोजता येतं, पण साठलेला संकेत काळाबरोबर गळतो, आणि त्याची दुरुस्ती प्रयोगशाळेकडून आधीच ठरवून घ्यावी लागते. शेल्फच्या उत्तर भागात नर्मदेने बाहेरून आणलेली वाळू असल्यामुळे ही अडचण कमी होते.

आयओडीपीचे कोअर मोहिमेनंतरचा ठरावीक काळ संपला की कुणालाही अर्ज करून मिळतात. न्यू जर्सीचे ब्रेमेनला आहेत. अरबी समुद्रातली २०१५ ची ३५५ वी मोहीम लक्ष्मी खोऱ्यात सुमारे ३,६०० मीटर पाण्यात झाली. तिचे कोअर जपानमध्ये कोचीला आहेत, आणि मान्सून व हिमालयाच्या झिजेसाठी उत्तम असले, तरी त्यातून किनाऱ्याची पातळी निघणार नाही, कारण ती जागा शेल्फवर नाहीच. अर्जात नेमकी खोली, घनसेंटिमीटर आणि काय मोजणार ते लिहा. ‘अभ्यासासाठी नमुने हवेत’ एवढ्यावर नकार येतो.

तुमच्या वाशीच्या कामासाठी मात्र पुढचं पाऊल जवळचं आहे. त्या ठेकेदाराला तीन गोष्टी विचारा: भोकाचा आर.एल. कोणत्या खुणेवरून घेतला, मूळ जमिनीवर भरावा किती आणि कधी पडला, आणि साडेआठ मीटरच्या आसपासची यूडीएस नळी अजून मेणबंद शिल्लक आहे का. नळी असेल, तर मेण फोडू न देता, आडवी न टाकता, उभी आणि थंड ठेवून आणा.